वॉर्ड, प्रभाग, झोन: तुंबलेला चेंबर नेमका कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मुलांच्या शिक्षणासाठी बीडहून छत्रपती संभाजीनगरात आले आणि गारखेडा परिसरात भाड्याने राहतात. गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचा चेंबर महिनाभर वाहतोय. एका नगरसेवकाकडे गेले, तर ‘तुमची गल्ली आमच्या प्रभागात येत नाही’ असं ऐकून परत आले. दुसऱ्यांनी झोन ऑफिसला पाठवलं. तिथे विचारलं, ‘वॉर्ड नंबर काय?’ घरमालकाच्या जुन्या पावतीवर भलताच नंबर. तर वॉर्ड, प्रभाग, झोन हे एकच की वेगवेगळं, आणि चेंबर काढणार, म्हणजे साफ करणार, कोण?

मराठवाड्यातल्या एका महापालिकेत मी एकतीस वर्षं काढली. वसुली लिपिक म्हणून लागलो, वॉर्ड अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोणती महापालिका ते सांगत नाही. पुढे एक किस्सा येणार आहे, त्यात तिची थोडी आणि माझी जास्त अब्रू जाते.

आधी कामाचं उत्तर. चेंबर काढायचं काम झोन कार्यालयाच्या ड्रेनेजच्या माणसांचं, म्हणजे कनिष्ठ अभियंता (जेई) आणि त्याच्या हाताखालच्या गँगचं. नगरसेवक फोन करेल, पाठपुरावा करेल, फार तर स्वतः येऊन उभा राहील. पाण्याच्या दाबाने लाइन मोकळी करणारं जेटिंग मशीन त्याच्या हातात नसतं. तुम्ही सोमवारी झोनलाच जा. पण जायच्या आधी पुढचं वाचा, नाहीतर ‘वॉर्ड नंबर काय’ वर पुन्हा अडकाल.

तुमच्या गल्लीवर एकाच वेळी तीन नकाशे अंथरलेले आहेत आणि त्यांच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत.

पहिला नकाशा निवडणुकीचा. संभाजीनगरची महापालिका १९८२ च्या डिसेंबरात झाली, पहिली निवडणूक १९८८ साली. तेव्हापासून दर निवडणुकीला वॉर्डांची संख्या आणि हद्दी बदलत आल्या. २०१५ ला ११३ वॉर्ड होते, एका वॉर्डाला एक नगरसेवक. सातारा-देवळाई महापालिकेत आलं आणि दोन वाढून ११५ झाले. आता जानेवारी २०२६ ची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांवर झाली. नगरसेवक ११५ च, पण प्रभाग २९. अठ्ठावीस प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. म्हणजे जुने तीन-चार वॉर्ड एकत्र करून एक प्रभाग झाला असं लोक समजतात. ते तसं सरळ जमत नाही. प्रभाग बांधताना जुन्या वॉर्डाच्या रेषा धरत नाहीत, जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे एकेका प्रगणकाने मोजलेल्या घरांचे गट, धरतात आणि ते फोडत नाहीत. सुरुवात उत्तरेकडून करायची, मग ईशान्य, पूर्व, पश्चिम करत दक्षिणेला शेवट, असा क्रमांक देण्याचा नियम आहे. आणि जनगणना अजून २०११ चीच. त्या वेळी जिथे ज्वारी उभी होती तिथे आज चार मजली इमारती आहेत, पण प्रभागाच्या हिशोबात तिथली माणसं अजून मोजलेलीच नाहीत. घरमालकाच्या पावतीवरचा वॉर्ड नंबर कुठल्या तरी जुन्या रचनेतला असणार. तो विसरा.

चार सदस्यांच्या प्रभागाचा एक गुंता तुमच्या अनुभवात दिसतोच. अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. मतदार चारही जागांसाठी मत देतो आणि निवडून आलेले चौघे अख्ख्या प्रभागाचे असतात. कायद्याने ‘ही गल्ली माझी, ती त्याची’ असं काही नाही. निवडणूक संपली की आपसात मात्र वाटण्या होतात. ही कॉलनी तुझी, तो मोहल्ला माझा. तुम्हाला ‘आमच्यात येत नाही’ म्हणणारे खरोखर दुसऱ्या प्रभागाचे होते की त्याच प्रभागातले, फक्त वाटणीत तुमची गल्ली न आलेले, हे मतदार यादीवर बघा. तुमचं नाव अजून बीडलाच असेल तर शेजाऱ्याच्या नावापुढे बघा. प्रभाग क्रमांक तिथे लिहिलेला असतो. त्याच प्रभागातले असतील तर पुढच्या वेळी नंबर सांगूनच बोला. सूर बदलतो.

दुसरा नकाशा प्रशासनाचा, म्हणजे झोन. जुनी माणसं याच कार्यालयाला ‘वॉर्ड ऑफिस’ म्हणतात आणि तिथल्या साहेबाला वॉर्ड अधिकारी. सगळा घोळ या शब्दाने घातलाय, कारण वॉर्ड ऑफिसचा वॉर्ड आणि नगरसेवकाचा वॉर्ड हे कधीच एक नव्हते. एका वॉर्ड ऑफिसखाली नगरसेवकांचे दहा-बारा वॉर्ड असत. नांदेडला याच गोष्टीला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात, परभणीत लोकांच्या तोंडी प्रभाग समिती. बीडच्या नगर परिषदेत हा मधला मजलाच नव्हता, त्यामुळे तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे.

प्रभाग समिती हे खरं तर माणसांच्या समितीचं नाव आहे, इमारतीचं नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तिने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. आपल्या महापालिका अधिनियमात कलम २९-अ आहे. त्या भागातले नगरसेवक, कार्यालयाचा अधिकारी आणि सामाजिक संस्थांमधले जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य एवढ्यांची ती समिती. पाणी, ड्रेनेज, सफाई या तक्रारींचा लवकर निपटारा करणं हे तिचं कलमात लिहिलेलं काम. अर्थसंकल्पात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामाला ती मंजुरीही देऊ शकते. पाच लाखांत आज गल्लीचा रस्ताही होत नाही, पण दोन चेंबर आणि शंभर-दीडशे फूट लाइन बदलून होते.

मी या समितीच्या बैठका बघितल्या आहेत. अर्धा वेळ ‘माझा फोन उचलत नाहीत’ यात जायचा. पण एक गोष्ट घडायची: ड्रेनेजचा, पाण्याचा, सफाईचा आणि विजेचा माणूस एका टेबलाभोवती बसायचा. त्यामुळे ‘ते काम आमच्याकडे नाही’ हे वाक्य बोलायला अवघड जायचं, कारण ज्याच्याकडे आहे तो समोरच बसलेला. संभाजीनगरात एप्रिल २०२० ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं प्रशासक होते. नगरसेवक नाहीत म्हणजे समितीही नाही. मधल्या काळात रस्ते झाले, इतरही कामं झाली, ते नाकारत नाही. पण अधिकाऱ्यांची एक पिढी अशी तयार झाली की जिला वॉर्डातल्या माणसाने समोर बसून प्रश्न विचारण्याची सवयच नाही. आता समित्या बसतील तेव्हा तुमच्या झोनची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा आणि एखाद्या नगरसेवकामार्फत विषय पत्रिकेवर घ्यायला लावा.

तिसरा नकाशा कुठल्याच कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला नसतो. तो जमिनीखालचा आहे. पाणी कुठून येतं हे टाकी ठरवते. जायकवाडीवरून आलेलं पाणी जलकुंभात चढतं, सिडकोतल्या एन-५, एन-७ अशा, आणि तिथून व्हॉल्व्ह फिरवत गल्लीगल्लीत सोडलं जातं. एकाच प्रभागातल्या दोन कॉलन्यांना दोन टाक्यांचं पाणी आणि दोन वेगळे दिवस असू शकतात. लाइनमनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या, खिशातल्या वहीत तो नकाशा असतो, किंवा नुसताच त्याच्या डोक्यात. आमच्याकडे एक लाइनमन होता. नवीन आलेल्या इंजिनिअरने कागदी नकाशा पसरला की तो खांद्यावरची लांब चावी खाली टेकवून म्हणायचा, ‘साब, ये कागज पे सीधा है, जमीन पे नै.’ आणि तोच बरोबर निघायचा. पाण्याची तक्रार असेल तर प्रभाग क्रमांकापेक्षा ‘कोणत्या टाकीचं पाणी’ हे विचारून जा. निम्मं काम तिथे होतं.

ड्रेनेजला टाकी नाही, उतार असतो. घाण पाण्याला झोनची हद्द कळत नाही, त्याला नाला कळतो. खाम नदीकडे आणि सुखनेकडे अशी शहराची पाठ दोन्हीकडे उतरते. आणि इथेच तो किस्सा.

एका गल्लीच्या मधोमध दोन वॉर्ड ऑफिसांची हद्द होती. डावीकडची घरं आमची, उजवीकडची शेजारच्यांची, आणि चेंबर रस्त्याच्या मध्यावर. आठ महिने तो वाहत होता. मी त्या ऑफिसला रुजू झालो तेव्हा टेबलावर त्याची फाइल आली, सगळी पत्रापत्री. आम्ही त्यांना लिहिलेलं, ‘सदर ठिकाण या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही, सबब आपले स्तरावरून कार्यवाही व्हावी.’ त्यांनी आम्हाला शब्दन् शब्द तेच लिहिलेलं. फाइल मागे मागे चाळत गेलो तर पहिल्या पत्रावर सही माझीच. आठ महिन्यांपूर्वी चार दिवस तिथला प्रभारी चार्ज माझ्याकडे होता, टपालात आलं आणि न वाचता सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजेरी शेडवर गेलो. मुकादमाला विचारलं तर तो तंबाखू मळता मळता म्हणाला, ‘साहेब, चेंबर तो नाहीच. तुंबलंय वरचं. पिंपळाखाली झाकण होतं, ते कुठं गेलं बघा.’ पिंपळाखाली गुळगुळीत डांबरी रस्ता. मग त्याने नीळ मागवली. वरच्या अंगाच्या एका घरात बादलीभर पाण्यात ती कालवून मोरीत ओतली आणि आम्ही खाली चेंबरपाशी उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली तरी खाली निळं पाणी नाही. मग वरच्या दोन घरांच्या उंबऱ्यापाशी फरशीच्या फटीतून निळी ओल वर आली. म्हणजे पाणी चेंबरमधून येत नव्हतं, वरून उतरून तिथे येत होतं. मुकादमाने पहारीने पिंपळाखाली ठोकून बघितलं. एका जागी आवाज पोकळ आला. खणलं तर वीतभर खाली झाकण सापडलं, त्याच्यावर डांबराचे तीन थर. दर वेळी रस्ता करणाऱ्या ठेकेदाराने झाकण वर न घेता त्याच्यावरूनच रोलर फिरवला होता आणि दर वेळी कोणीतरी मोजमाप पुस्तिकेत ‘काम समाधानकारक’ लिहून बिल काढलं होतं. आत एक फुटकी फरशी आडवी पडलेली. ती काढली आणि दुपारपर्यंत रस्ता कोरडा.

चेंबर नेमका कोणाच्या हद्दीत होता हे आजही मला सांगता येणार नाही. पत्रव्यवहार मात्र त्यानंतरही दोन महिने चालू राहिला, कारण शेजारच्या कार्यालयाला फाइल बंद झाल्याचं कोणी कळवलंच नाही.

आता तुमच्या अर्जाकडे. लोक लिहितात, ‘आमच्या भागात ड्रेनेजची खूप समस्या आहे, तरी लक्ष घालावे.’ असे अर्ज गठ्ठ्याने यायचे आणि गठ्ठ्यानेच राहायचे. अर्जात जागा लिहा: अमुक दुकानासमोर, अमुक शाळेच्या मागच्या फाटकापासून तिसरं घर, जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक असेल तर तो. घरमालकाच्या कराच्या पावतीवरचा मालमत्ता क्रमांक लिहा. तुम्ही भाडेकरू असलात तरी चालतं, सार्वजनिक रस्त्यावरच्या सांडपाण्याची तक्रार करायला मालकी लागत नाही. वॉर्ड नंबरच्या जागी नव्या रचनेतला प्रभाग क्रमांक टाका आणि जुना कंसात. पाणी किती वाजता जास्त वाहतं ते लिहिलंत तर जेई तुम्हाला मनातल्या मनात हात जोडेल. नळाला पाणी आल्याच्या दिवशीच वाहत असेल तर दोष बहुधा पुढच्या लाइनीत, आणि रोज सकाळी वाहत असेल तर कुणीतरी हॉटेल किंवा वसतिगृहाचं पाणी तिथे जोडलेलं असतं. गारखेड्यात ही दुसरी शक्यता मी आधी तपासली असती.

अर्ज आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ म्हणाले तर ठेवून जाऊ नका. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जेई भेटण्याची शक्यता जास्त, दुपारनंतर तो साइटवर किंवा मुख्यालयाच्या मीटिंगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर मनाची तयारी ठेवा. त्या दोन महिन्यांत अख्खं झोन वसुलीला जुंपलेलं असतं. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते आणि एकतीस मार्चच्या आत आकडा गाठायचा असतो. घरमालकाचा कर थकलेला असेल तर तुमच्या चेंबरच्या अर्जावरही तो विषय निघणार. निघाला तर शांतपणे सांगा की चेंबर रस्त्यावर आहे.

आठवड्याने पुन्हा जा, आवक क्रमांक सांगा. पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘चेंबर का काढला नाही’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ एवढंच मागा. महाराष्ट्रात एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. माझ्या अनुभवात असा अर्ज आला की उत्तर लिहायच्या आधी चेंबर काढला जायचा, म्हणजे टिपणीत लिहायला काहीतरी असायचं.

झोनकडे काय मागू नये हेही सांगतो, कारण माझ्या दारात रोज दहा माणसं चुकीच्या कामासाठी यायची. रेशन कार्ड तहसीलचं. पीआर कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक, नगर भूमापनचं. विजेचं मीटर महावितरणचं. बांधकाम परवानगी नगररचना विभागाची. झोनमध्ये कर, पाणीपट्टी, सफाई, ड्रेनेजची देखभाल, अतिक्रमणाच्या नोटिसा एवढंच प्रामुख्याने.

यात एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगावी लागेल, कारण तुम्ही पुढे-मागे इथे घर बघाल. गारखेडा, पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, सातारा-देवळाई, या बाजूला बरीच वस्ती गुंठेवारीची आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून बॉण्ड पेपरवर विकलेले प्लॉट. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घ्यायची सोय झाली. विकणारा तुम्हाला महापालिकेची कराची पावती दाखवेल आणि म्हणेल, ‘बघा, नाव लागलंय.’ वसुली लिपिक म्हणून मी स्वतः अशी शेकडो नावं लावली आहेत. आम्ही बघायचो की घर उभं आहे आणि त्यात कोणी राहतंय. कर लावला म्हणजे जागा त्याची ठरली असं नाही, की बांधकाम कायदेशीर झालं असंही नाही. ड्रेनेजच्या बाबतीतही हाच भाग त्रासाचा, कारण तिथल्या पुष्कळ लाइनी रहिवाशांनी वर्गणी काढून, मिस्त्रीच्या अंदाजाने टाकलेल्या आहेत. सिडकोच्या एन-सेक्टरमध्ये लाइन आधी आली आणि घरं नंतर. तो भाग २००६ साली महापालिकेकडे हस्तांतरित झाला, तरी निदान कागदावर लाइन कुठून जाते ते सापडतं. गुंठेवारीत ते फक्त मिस्त्रीला माहीत होतं, आणि मिस्त्री कधीच गाव सोडून गेलेला.

म्हणून सोमवारी झोनला जायच्या आधी रविवारी गल्लीतल्या सगळ्यात जुन्या घरात जा. चहा घ्या आणि विचारा, लाइन कधी टाकली, कोणी टाकली, रस्ता किती वेळा झाला, आणि वरच्या अंगाला पूर्वी कुठे झाकण होतं का. जे सांगतील ते अर्जाच्या खाली दोन ओळींत लिहा. मग सहाच्या हजेरीला तुमच्या भागाचा मुकादम कुठल्या शेडवर असतो ते सफाईवाल्या बाईला विचारून घ्या. तिला माहीत असतं.